उपाशीपोटी: होय

मावशीच्या घरात सकाळी सात ते नऊ कोणी मोठ्यानं बोलत नसे. कलकत्त्याच्या सॉल्ट लेकमधल्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये स्वयंपाकघराला लागून भिंतीत एक कपाट होतं. त्याची दारं काढून मावशीनं देवघर केलं होतं. त्यासमोर पाट मांडून काका पूजेला बसत. सहाणेवर चंदन घासल्याचा आवाज, ताम्हनात पडणाऱ्या पाण्याची धार, खालून जाणाऱ्या मासेवाल्याची लांबवलेली हाक, एवढंच काय ते ऐकू येई. मी स्वयंपाकघराच्या दाराशी बसून पंचामृत करायची. दूध, दही, तूप, मध, साखर. मी त्या घरात राहायला गेले त्याच आठवड्यात हे काम माझ्याकडे आलं, आणि मला तो मान वाटला. पूजा झाली की काका उजवा तळवा पुढे करत, मी पळीनं तीन वेळा पंचामृत घालायची, वर खडीसाखरेचा खडा ठेवायची. मग काका उठत, आणि घरात बोलायला परवानगी मिळे.

मी परंड्याची. वडील एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक, आई शिवणकाम करायची. दोघांचंही शिक्षण चौथीच्या पुढे गेलेलं नव्हतं. बार्शीच्या कॉलेजातून मी बी.एस्सी. झाले, ती आमच्या घरातली पहिली पदवी. पुढे काय करायचं हे सांगणारं माणूस आमच्या ओळखीत एकच होतं, मावशीचे यजमान. काका केंद्र सरकारच्या एका खात्यात नकाशे तपासण्याचं काम करत आणि बदली होऊन कलकत्त्याला आले होते. त्यांनी वडिलांना पत्र पाठवलं: ‘मुलगी हुशार आहे, तिला घरी बसवू नका. इथे रक्तलघवी तपासणीचा वर्षभराचा अभ्यासक्रम आहे. आमच्याकडे राहील.’ ते पत्र अजून माझ्याजवळ आहे. आज पुण्यात एका प्रयोगशाळेची जबाबदारी सांभाळते, ती त्या चार ओळींच्या जिवावर. म्हणूनच पुढचं लिहिताना मला जड जातं.

काका म्हणजे नीटनेटका, हळू बोलणारा माणूस. रविवारी ते भिंग घेऊन बसत आणि मला नकाशा वाचायला शिकवत. परंड्याचा ठिपका त्यांनी मला दाखवला, नदी दाखवली, तलाव दाखवला. म्हणाले, ‘बघ, तुझं गाव इतकं काही लहान नाही.’ त्यांच्या हाताखालून चुकीचा ओढासुद्धा पुढे जात नसे, असं त्यांच्या ऑफिसातले लोक सांगत. जेवणात त्यांना तिखट लागे. मावशी तिथल्या ‘चिड्या’चे, म्हणजे बंगाली चपट्या पोह्यांचे, पोहे करायची, ते हमखास गोळा होत, आणि काका वरून हिरवी मिरची चावत तेच आवडीनं खात. गोडाला हात लावत नसत. शेजारच्या बंगाली वहिनी दर सणाला संदेश ही मिठाई आणून देत, त्यातला त्यांचा वाटा मला मिळे.

बदल कधी सुरू झाला ते सांगता येत नाही, इतका तो हळू आला. पहिल्यांदा लक्षात आलं ते हे, की काका स्वतः संदेशाचा डबा घेऊन येऊ लागले आणि दारातच उघडून खाऊ लागले. पोट सुटलं. मग पूजेत चुका व्हायला लागल्या. एकदा त्यांनी देवांना तीनदा आंघोळ घातली. एकदा थंडीच्या दिवसांत, मी शाल पांघरून बसले होते आणि काकांच्या पाठीवरून घाम वाहत होता. डोळे समईवर, पण समई दिसत नसल्यासारखे. मावशीनं हाक मारली तर त्यांनी घंटा भिंतीवर फेकली. मग मावशीनं मला खूण केली, मी पळी भरली, त्यांच्या तळव्यात तीर्थ घातलं. ते प्याले. पुन्हा घातलं, पुन्हा प्याले. दहा-पंधरा मिनिटांनी त्यांनी विचारलं, ‘ही घंटा इथे कशी पडली?’

त्यांना काहीच आठवत नव्हतं.

मावशी साधी, देवभोळी बाई. तिला यात संकट दिसलं आणि उपायही दिसला. तीर्थानं ते शांत होतात, हे तिनं रोज डोळ्यांनी पाहिलं होतं. ती मला म्हणे, ‘सुनू, साखर जरा सढळ हातानं घाल गं. त्यांना बरं वाटतं.’ मी घालायची. आज कुणी हे वाक्य माझ्यापुढे उच्चारलं तर मी हातातलं काम टाकून उभी राहीन. तेव्हा मी विज्ञानाची पदवीधर होते, रोज दुपारी बालीगंजच्या प्रयोगशाळेत रक्तातली साखर मोजत होते, आणि सकाळी एक चमचा जास्त घालत होते.

ऑफिसात निभावलं नाही. दुपारचं जेवण लांबलं की काकांची जीभ अडखळायची, ते वरिष्ठांवर ओरडायचे. एका नकाशात दोन गावं नदीच्या उलट्या काठावर राहिली आणि तो तसाच छपाईला गेला. वरिष्ठांनी पत्र दिलं: दोन महिन्यांनी वैद्यकीय मंडळापुढे हजर व्हा, तुम्ही कामाला लायक आहात की नाही ते ठरेल. पत्र आलं त्या दिवशी काका जेवले नाहीत. मावशीला एवढंच म्हणाले, ‘घरी बसायला हरकत नाही. पण वेडा ठरून नको.’

सगळे म्हणाले, शुगर असणार. कलकत्त्यात पन्नाशीच्या माणसाला घाम आला की पहिला संशय साखरेचाच. डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली, आणि मी जिथे शिकत होते तिथेच काकांना घेऊन गेले. मला अभिमान वाटत होता, तोही लिहिते. काकांनी त्या सकाळी लवकर आंघोळ केली, आटोपती पूजा केली, चहाला हात लावला नाही. मी तीर्थ दिलं. मग आम्ही बस पकडून बालीगंजला गेलो, आणि बसमध्ये काका अगदी ठीक होते, खिडकीतून मला रस्त्यांची नावं सांगत होते.

प्रयोगशाळेत शिखादी होती. ती तिथली सर्वांत जुनी तंत्रज्ञ, जाड चष्म्याची, हिंदी-बंगालीची सरमिसळ करून आम्हाला शिकवायची. तिनं काकांना विचारलं, ‘खाली पेटे तो? कुछ नहीं खाया?’ काका म्हणाले, ‘कुछ नहीं.’ मी शेजारी उभी होते. मलाही ते खरंच वाटलं. तीर्थाला खाणं म्हणायचं हे आमच्या घरात, आमच्या गावात, आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या मनात आलं नसतं. फॉर्म भरायचं काम माझं होतं. ‘उपाशीपोटी’ या रकान्यात मी ‘होय’ लिहिलं आणि खाली सही केली. शिकाऊ तंत्रज्ञ म्हणून ती माझी पहिली सही.

साखर आली ब्याऐंशी. जेवणानंतरचीही ठीक. डॉक्टर म्हणाले, साखर वाढलेली नाही, कमीही नाही, हा मनाचा आजार आहे. त्यांनी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवलं. माझी सही असलेला तो रिपोर्ट पुढे प्रत्येक कागदाला जोडला गेला. काकांना गोळ्या सुरू झाल्या, त्या गोळ्यांनी ते दिवसभर पेंगू लागले. मावशी नवस बोलली, एकवीस गुरुवार मोठी पूजा आणि पोथीचं वाचन. म्हणजे आधी नऊला मिळायचं ते तीर्थ आता दहाला मिळू लागलं. काका वाचता वाचता एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत, मग शब्द सुटत, मग नुसता आवाज. मावशी हात जोडून रडायची. ती म्हणायची, देव परीक्षा बघतोय. मी त्यांचं खात होते, त्यांच्या घरात निजत होते, त्यांच्यामुळे शिकत होते. मी बोलणार काय?

माझ्या वहीत तेव्हा वाढलेल्या साखरेवर चाळीस पानं होती. उपाशीपोटी किती, दोन तासांनी किती, शरीर इन्सुलिन बनवतच नाही तो एक प्रकार, बनवतं पण ते चालत नाही तो दुसरा, गरोदरपणातला वेगळा, आणखी काही किरकोळ. कमी साखरेवर एक पान होतं, तेही अर्धं. मधुमेहाचं औषध जास्त झालं की साखर उतरते, एवढंच मला ठाऊक. काका तर कसलंच औषध घेत नव्हते.

एका दुपारी रक्त द्यायला थांबलेले एक गृहस्थ रांगेतच भांडायला लागले. धोतर नेसलेले, सुशिक्षित दिसणारे. त्यांनी माझ्या हातातला ट्रे उडवला, शिव्या दिल्या. शर्ट घामानं अंगाला चिकटला होता आणि डोळे माझ्यावर रोखलेले, पण मला न पाहणारे. ते डोळे मी ओळखले. शिखादीनं त्यांना दोघांकरवी धरून ठेवलं, बोटाला टोचलं, यंत्रावर आकडा बघितला आणि त्यांच्या तोंडात साखरेचं पाणी ओतलं. पंधरा मिनिटांनी ते गृहस्थ ओशाळून विचारत होते, ‘माझी चप्पल कुठे गेली?’ शिखादी मला म्हणाली, ‘देख शुनिता. तीन चीज़ें एक साथ चाहिए.’ तिनं बोटं मोजली: त्रास, त्याच वेळी कमी आकडा, आणि साखर देताच त्रास जाणं. ‘तीनों मिले तभी नाम देना.’

मी ट्रे उचलायला वाकले आणि तशीच बसून राहिले. त्रास आम्ही रोज बघत होतो. साखर देताच तो जातो, हेही रोज बघत होतो. राहिला आकडा. आणि आकडा घ्यायला मी काकांना तीर्थ पाजून आणलं होतं.

शिखादीला मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं फक्त चष्मा पुसला. मग म्हणाली, त्रास चालू असतानाचंच रक्त हवं, तीर्थाच्या आधीचं. साखर पडलेल्या माणसाला ताटकळत ठेवणं धोक्याचं, तेव्हा नळी भरली की त्याच क्षणी साखर द्यायची. तिनं मला रक्तातली साखर टिकवणारं औषध घातलेल्या दोन नळ्या दिल्या आणि बर्फाचा थर्मास दिला. मंडळाची तारीख नऊ दिवसांवर होती. मध्ये एकच गुरुवार येत होता.

बुधवारी संध्याकाळी मावशीला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, लाटणं थांबलं.

‘देवासमोर सुई? रक्त?’

‘मावशी, एकच नळी.’

‘आणि तीर्थ थांबवायचं? ते तडफडत असताना?’ तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू घरात राहायला आलेली ही मुलगी कोण हे ती नव्यानं ठरवत होती. ‘तुझ्या शिक्षणासाठी आणलं ना तुला त्यांनी? ते तू त्यांच्यावरच करून बघणार?’

काका पलीकडच्या खोलीत होते. ते दारात आले, त्या वेळी अगदी भानावर होते, आणि म्हणाले, ‘घेऊ दे तिला. मंडळापेक्षा ती बरी.’

गुरुवारी पोथीचा तिसरा अध्याय संपेपर्यंत काही झालं नाही. मग ओठ थरथरले, पान उलटताना हात चुकला, मानेवर घाम आला. मी शेजारी गुडघे टेकून बसले आणि त्यांच्या दंडाला रबरी पट्टा बांधला. त्यांनी हात हिसडला. माझ्याकडे वळून, मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाले, ‘डेपोत ग्रीस पुसणाऱ्याची पोर तू. तुला या घरात कुणी घेतलं?’

हे वाक्य मी आज पहिल्यांदा कागदावर उतरवते आहे. ते त्यांचं नव्हतं, साखरेचं होतं, हे मी शंभर विद्यार्थ्यांना शिकवलेलं आहे. तरी ते कानात राहिलं. मावशीनं ते ऐकलं, आणि त्या क्षणी तिच्यात काहीतरी बदललं असावं. तिनं पंचामृताची वाटी खाली ठेवली, काकांचा दंड दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, ‘घे लवकर.’ शीर सापडली. नळी भरली. मी ‘आता दे’ म्हणण्याआधीच मावशीनं वाटी काकांच्या ओठांना लावली होती, पळी न घेताच.

बालीगंजला पोचेपर्यंत मी थर्मास मांडीवर धरून होते. आता सॉल्ट लेकच्या सेक्टर पाचपर्यंत मेट्रो येते म्हणे. तेव्हा बस, मग रिक्षा, मग पुन्हा बस. शिखादीनं नमुना दोनदा लावला. चौतीस. दुसऱ्यांदा तेहतीस. ती बंगालीत काहीतरी पुटपुटली आणि तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मला वाटलं, सुटलो. पण मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. ते शांतपणे म्हणाले, ‘प्रयोगशाळेत रीतसर घेतलेलं उपाशीपोटीचं रक्त नॉर्मल आहे. हे घरी घेतलेलं, तास-दीड तास प्रवास केलेलं. रक्त नुसतं ठेवलं तरी साखर उतरते, हे तुम्हाला शिकवलं असेलच. मी कोणतं खरं मानू?’ समोर काका, मावशी आणि मी. मी म्हणाले, ‘पहिला रिपोर्ट उपाशीपोटीचा नव्हता. त्या सकाळी त्यांना पंचामृत दिलं होतं. मीच दिलं होतं. फॉर्मवर “होय” मी लिहिलं.’

मावशी पटकन म्हणाली, ‘अहो डॉक्टर, ते तीर्थ होतं. तिनं काही खायला नव्हतं दिलं.’ ती मला वाचवत होती, आणि तिला ते मनापासून खरंही वाटत होतं. डॉक्टर हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची कायम ऋणी आहे. त्यांनी कागद पुढे केला आणि सांगितलं, हे लिहून द्या. मी लिहून दिलं, खाली सही केली. ती माझी दुसरी सही. तिच्यापायी प्रयोगशाळेनं मला तीन महिने काउंटरवरून काढून नळ्या धुवायला बसवलं, आणि ते योग्यच झालं.

पुढे इस्पितळात देखरेखीखाली उपास झाला. मावशी वाटी झाकून दाराबाहेर बसून राहिली, तिला आत सोडलं नाही. अठराव्या तासाला काकांना घाम फुटला. आकडा कमी, आणि त्याच रक्तात इन्सुलिन मात्र नको तेवढं जास्त. स्वादुपिंडाच्या टोकाशी चिकूच्या बीएवढी गाठ होती, तीच वेळी-अवेळी इन्सुलिन सोडत होती. कमी साखरेच्या आजारांतला हा दुर्मिळ प्रकार माझ्या वहीतल्या त्या अर्ध्या पानावर नव्हता. शस्त्रक्रिया झाली, स्वादुपिंडाचा बराच भाग गेला. आणि ज्या माणसाची साखर खाली पडत होती त्याची आता वर चढू लागली, चढलेलीच राहिली. डॉक्टरांनी नोंद केली, हा मधुमेह पहिल्या प्रकारचा नाही, दुसऱ्याही नाही, शस्त्रक्रियेनंतरचा आहे. काका उशीवरून म्हणाले, ‘नकाशावर आमच्यासाठी वेगळाच ठिपका.’ कित्येक महिन्यांनी त्यांनी थट्टा केली होती.

मंडळानं तारीख पुढे ढकलून नवे कागद पाहिले आणि त्यांना कामावर घेतलं. पण नकाशे परत दिले नाहीत. निवृत्तीपर्यंत ते जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बसले. मानसिक आजाराचा तो पहिला शेरा त्यांच्या फाइलमधून कधी निघाला नाही, त्यावर नवीन कागद चढत गेले इतकंच. हे कुणामुळे, याचा हिशोब त्यांनी माझ्याकडे कधी मागितला नाही. आता लोक दंडावर चकती चिकटवून फोनवर साखर बघतात. तरीही माझ्या प्रयोगशाळेत रक्त घेण्याआधी प्रत्येकाला विचारलं जातं: तीर्थ घेतलंत? प्रसाद? पान? चूर्ण? नवीन आलेली मुलं यावर हसतात. मी त्यांना हसू देते, आणि पुन्हा विचारायला लावते.

काका घरी आले त्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी मावशी वाटी हातात घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. ‘आता तीर्थ कसं करायचं?’ मी म्हणाले, पाणी आणि तुळशीचं पान. तिनं साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला. काकांनी पूजा केली, अशक्त आवाजात पण चुका न करता. शिखादीनं मला प्रयोगशाळेतलं जुनं, बोटाला टोचून साखर मोजायचं यंत्र दिलं होतं, ते मी पदराखाली धरून दाराशी उभी होते. न्याहारीच्या वेळी बाहेरच्या खोलीत टोचावं, असं मनाशी ठरवलं होतं.

मी पळी भरली. काकांनी सवयीनं उजवा तळवा पुढे केला. मग तो मागे घेतला आणि डाव्या हाताचं बोट माझ्यापुढे धरलं.

‘आधी रक्त घे,’ ते म्हणाले. ‘मग तीर्थ.’

मी मावशीकडे पाहिलं. तिनं देवासमोरची समई उचलली आणि बोट मला नीट दिसावं म्हणून माझ्या हाताजवळ आणून ठेवली.